घरकुल : उपकार नव्हे, वेठबिगारीची थकलेली बाकी



पावसाळा तोंडावर आला असताना आम्ही तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. एका वारली आजीच्या घरकुलाचे जोते झाले होते, भिंती खिडकीच्या वर गेल्या होत्या आणि पुढचे काम बंद होते. वर निळी ताडपत्री. जुने कुडाचे घर आधीच मोडलेले, कारण नवे बांधायला दुसरी जागाच नव्हती. हप्ता अडला होता. कागदावरची जागा एक, मोबाईलवर काढलेल्या फोटोतली जागा दुसरी. आजीला घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवरून मान वर न करता सांगितले, "फुकट मिळतंय ना? मग थोडं थांबा."

आजी काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मात्र म्हणाली, "फुकट कसं रं? माझ्या सासऱ्यानं अख्खा जन्म शेठच्या वाडीत काढला. त्याची मजुरी कोणी दिली?"

समाजशास्त्राची पदवी घेताना कल्याणकारी राज्यावर आम्ही बरीच पुस्तके वाचली. त्या पुस्तकांतून जे नीट कळले नव्हते, ते आजीच्या या एका प्रश्नाने कळले. घरकुल फुकट आहे की देणे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर योजनेच्या पत्रकात सापडणार नाही. ते इतिहासात शोधावे लागेल.

झोपडी ज्याच्या जमिनीवर, माणूस त्याचा

ब्रिटिश काळात ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात जमीन, गवत आणि झाडे सावकार-जमीनदारांच्या हाती गेली. वारली, कोकणा, दुबळा, कातकरी यांच्या वाट्याला राबणे उरले. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत, आणि हिशेब सावकाराच्याच वहीत असल्यामुळे कर्ज कधी फिटत नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून अहवाल करून घेतला. त्यात ही वेठ सरकारी भाषेत नोंदली गेली. म्हणजे सरकारला माहिती होती, फक्त करायचे काही नव्हते.

या व्यवस्थेत घराचे स्थान काय होते? कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर पेंढा. हे घर आदिवासी स्वतःच्या हाताने बांधत असे. पण घराखालची जमीन शेठची. वेठीला नाही म्हटले तर कुटुंबासकट बाहेर. साखळदंडाची गरजच नव्हती, झोपडीच साखळदंडाचे काम करत होती. आमच्या बापजाद्यांना हे वेगळे सांगायला नको. गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि शेठच्या वाडीतला वारली पाडा, दोन्हीकडे राहण्याची जागा हे गुलामीचे हत्यार होते. एकीकडे वतनाने बांधले, दुसरीकडे कर्जाने.

मे १९४५ : मुंबई आणि झरी

६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय पेच सोडवण्याची आपली योजना मांडली. कायदेमंडळातल्या प्रतिनिधित्वाची वाटणी करताना त्यांनी आदिवासींना बाजूला ठेवले. आदिवासींमध्ये अजून राजकीय जाण तयार झालेली नाही, असे कारण त्यांनी दिले. आदिवासी विचारवंत आजही या विधानावर बोट ठेवतात आणि ते ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आम्ही हे लपवत नाही. राजकारणात भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असे बाबासाहेबांनीच घटना समितीत बजावले होते.

गंमत अशी, की त्याच महिन्यात उत्तर आले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ करणार नाही असे ठरवले. लग्नगडी मोकळे झाले. पाठोपाठ गवतकापणीची मजुरी वाढवून मागण्यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण शहीद झाले. राजकीय जाण कशाला म्हणतात, हे झरीने रक्त सांडून दाखवले.

हा लढा लाल बावट्याखाली झाला, निळ्या झेंड्याखाली नाही. म्हणून आपल्यातले काही जण त्याच्याकडे पाठ फिरवतात. आम्हाला हे मान्य नाही. वेठ मोडणारा प्रत्येक हात आपला आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते कोकणातल्या याच जमीनदारीच्या विरोधात.

बाबासाहेबांचा आराखडा : जमीन, निधी, आयोग

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातला राज्य समाजवाद आपण भाषणांत नेहमी ऐकतो. त्यातली वसाहतीची योजना मात्र फार कमी जणांनी वाचली आहे. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता, त्याचेच हे घटनात्मक रूप.

त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, घटनेने नेमलेला वसाहत आयोग. सरकारच्या मालकीची पडीक जमीन विश्वस्त म्हणून या आयोगाच्या ताब्यात राहील आणि तिच्यावर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवली जातील. दुसरी, केंद्र सरकारने या कामासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये वेगळे काढायचे. तिसरी, विक्रीला आलेली खासगी जमीन तपासून विकत घेण्याचा अधिकारही या आयोगालाच.

म्हणजे जमीन, हुकमी निधी आणि स्वतंत्र देखरेख. आज जगभर गृहनिर्माण प्राधिकरण म्हणतात, त्याचा हा ग्रामीण आराखडा होता. बाबासाहेबांना ठाऊक होते की नुसते घर बांधून दिले आणि जमीन दुसऱ्याची राहिली तर माणूस दुसऱ्याचाच राहतो. योजना अनुसूचित जातींपुरती होती, पण तिचे तर्कशास्त्र वारली पाड्याला जसेच्या तसे लागू पडते. घटना समितीने ती स्वीकारली नाही. पुढचा सगळा इतिहास या तीन पायांपैकी कोणता पाय मिळाला आणि कोणते काढून घेतले, याचा आहे.

१९७६ साली दोन कायदे

१९४८ च्या कूळ कायद्याने कुळाला घराचे संरक्षण दिले. जमीनमालकाच्या जागेवर कुळाने बांधलेल्या घरातून त्याला हाकलता येणार नाही, आणि जागा विकायची झाली तर पहिला हक्क कुळाचा. पण कूळ कोण? ज्याची नोंद आहे तो. लग्नगडी कोणत्या कागदावर कूळ होता? कागदावर मात्र ही कलमे शेतमजुराच्या घरालाही लागू होती.

मग १९७६ उजाडले. त्या साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा संसदेने केला. त्याच साली महाराष्ट्रात म्हाडाचा कायदा झाला. म्हाडाला शहरासाठी जमीन संपादन करण्याचा, घरे बांधण्याचा, वाटप करण्याचा अधिकार मिळाला. मुक्त झालेल्या वेठबिगाराला काय मिळाले? १९७८ पासून पुनर्वसनासाठी माणशी जास्तीत जास्त ४,००० रुपये, त्यातही निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. शहराला प्राधिकरण आणि खेड्याला अनुदान, अशी ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

१९८५-८६ मध्ये ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग म्हणून इंदिरा आवास योजना सुरू झाली. तिचे पहिले लाभार्थी कोण होते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मुक्त वेठबिगार. सरकारी घरकुलाचा जन्मच वेठबिगारीच्या भरपाईतून झाला आहे. १९८९ मध्ये ती जवाहर रोजगार योजनेत गेली. १९९३-९४ पासून इतर ग्रामीण गरिबांनाही लागू झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र योजना बनली. इतर गरिबांना घर मिळाले याचा आनंदच आहे. पण या प्रवासात भरपाई हा शब्द गळाला आणि 'लाभार्थी' हा शब्द आला. भरपाई मागता येते. लाभासाठी मात्र हात पसरावा लागतो.

२०१६ मध्ये योजनेचे नाव प्रधानमंत्री आवास झाले. नाव इंदिरांचे असो की प्रधानमंत्र्यांचे, खऱ्या कर्जदाराचे नाव पाटीवर कधीच आले नाही.

पैसा कुठून येतो?

आता आजचा हिशेब. प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) मध्ये सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १,३०,००० रुपये अशी रचना ठरली. त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. इंदिरा आवासमध्ये राज्याचा वाटा १९९९ पासून २५ टक्के होता. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० रुपये वेगळे. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. २०२५ मध्ये राज्याने स्वतःकडून आणखी ५०,००० रुपये जाहीर केले.

राज्याच्या योजना वेगळ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी २००८ पासून रमाई आवास, तिचा पैसा सामाजिक न्याय विभागाचा. आदिवासींसाठी २०१३ पासून शबरी घरकुल, तिचा पैसा आदिवासी विकास विभागाचा. कातकऱ्यांसारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची जनमन योजना, तिच्यात घरामागे २ लाख रुपये.

रमाई आणि शबरीचा पैसा कोणाच्या मेहेरबानीचा नाही. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना आली आणि पाठोपाठ अनुसूचित जातींसाठी तशीच उपयोजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात अर्थसंकल्पातला वाटा, हे त्यांचे तत्त्व. म्हणजे हा आपल्या हिश्श्याचा पैसा आहे. मग त्याचे काय होते? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना पैसे जरूर द्या, आमच्याही आया-बहिणी त्यात आहेत. पण ते सर्वसाधारण तिजोरीतून द्या. एका वंचिताच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढायचे आणि वाढपी म्हणून स्वतःचा फोटो लावायचा, हा कोणता न्याय?

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच उपयोजनेच्या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात ती अजून मागणीच आहे. बाबासाहेबांनी वार्षिक निधी घटनेत लिहून मागितला होता, तो का, हे आता कळते. निधी शासन निर्णयाच्या भरवशावर ठेवला की तो दुसऱ्या शासन निर्णयाने पळवता येतो.

देखरेख कोण करतो?

राज्य पातळीवर ग्रामीण गृहनिर्माणाचा राज्य व्यवस्थापन कक्ष, जिल्ह्यात जिल्हा परिषदेची ग्रामीण विकास यंत्रणा, तालुक्यात गटविकास अधिकारी आणि गृहनिर्माण अभियंता, गावात ग्रामपंचायत अधिकारी. आदिवासींच्या योजनेसाठी डहाणूचे प्रकल्प कार्यालय वेगळे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, ठाण्याचे हेलपाटे वाचले. पण शिडी तीच. मंजुरी, जोते, भिंती, छत, प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचा, तो प्रणालीवर चढवायचा, मग बँक खात्यात हप्ता. मधला दलाल कमी व्हावा म्हणून हे आले आणि काही अंशी तो झालाही. पण ही सगळी देखरेख लाभार्थ्यावर आहे. आजीने भिंत किती चढवली हे सरकार फोटोतून बघते. हप्ता किती दिवस अडला हे आजीने कुठून बघायचे?

फोटोत आणखी एक गोष्ट दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचे नाव तेव्हा राज्यभर पोचले. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात धक्क्यांमागून धक्के बसले आणि घराबाहेर पळताना एका चिमुरडीचा जीव गेला. लोक थंडीत तंबूत झोपले. हलका कूड हलतो, पण सहसा माणसावर कोसळत नाही. जोडणीचे लोखंड न घातलेली विटांची भिंत कोसळते. आम्ही कुडाचे गोडवे गात नाही, पक्के घर हा हक्कच आहे. पण भिंतीची उंची फोटोत दिसते, आतले लोखंड दिसत नाही. सिमेंट-रेती पाड्यापर्यंत आणण्यातच पैसा संपला तर काटछाट कशात होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. भूकंपपट्ट्यातल्या घरासाठी वेगळी रक्कम आणि गवंड्यांना वेगळे प्रशिक्षण ही साधी मागणी आहे.

सर्वांत मोठा प्रश्न : पाया कोणाच्या जमिनीवर?

आता तिसऱ्या पायाकडे, म्हणजे जमिनीकडे येऊ. घरकुलाला जागेचा कागद लागतो, नमुना ८ किंवा सातबारा. जो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहिला, त्याच्याकडे तो कुठून येणार? म्हणजे जो सर्वांत जास्त लुटला गेला, तोच सर्वांत आधी अपात्र ठरतो.

कातकऱ्यांचे बघा. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याला परततात. उचल म्हणजे नव्या नावाची लग्नगडी पद्धतच. सगळ्यांची घरे ज्या विटांनी उभी राहतात त्या विटा थापणाऱ्याला स्वतःचे घर नाही. सर्वेक्षण पाड्यावर आले तेव्हा तो भट्टीवर असेल तर यादीतही नाव नाही.

वाटा अगदी बंद आहेत असे नाही. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे. ती आधी ५०,००० रुपये देत होती, पुढे रक्कम १ लाख झाली. पण आदिवासी जमीन बिगरआदिवासीला सहज विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे डहाणूतल्या भूमिहीन बौद्ध कुटुंबाला जागा मिळणे अवघड जाते. यावरून आपल्यात आणि आदिवासींत कुरबुरी लावून देणारे गावोगाव आहेत. त्यांच्या नादी लागू नका. आपले भांडण आदिवासी भावाशी नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गावठाण वाढवा, सरकारी जमीन द्या, हे आपण दोघांनी मिळून मागायचे आहे. वसाहत आयोगाची कल्पना याहून वेगळी काय होती?

वनजमिनीवर राहणाऱ्यांसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने निवासाचाही हक्क मान्य केला. २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालचा अधिकार वापरून अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना शेजारच्या वनजमिनीवर घर बांधता यावे अशी तरतूद केली. ही अधिसूचना किती पाड्यांवर वाचून दाखवली गेली, हे प्रत्येकाने आपल्या गावात विचारावे.

मग करायचे काय?

आजीच्या पाड्यावर आम्ही एवढेच केले. पाड्याची ग्रामसभा बसवली. घरकुलाची यादी मोठ्याने वाचली. कोणाचा हप्ता कोणत्या टप्प्यावर किती दिवस अडला, ते फळ्यावर लिहिले. आजी त्याच जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहते असा ठराव केला आणि जागेची पुन्हा पाहणी मागितली. महिनाभर काही झाले नाही. दुसऱ्या ग्रामसभेत तोच ठराव पुन्हा केला, या वेळी दुप्पट लोक होते. अभियंता आला, फोटो पुन्हा निघाला. हप्ता जमा झाला तेव्हा पावसाळा संपला होता. आजीने तो ताडपत्रीखाली काढला. याला आम्ही विजय म्हणत नाही. पण देखरेखीची दिशा दोन तासांसाठी का होईना उलटी झाली होती. खालचे वरच्यांवर नजर ठेवून होते.

पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्या नियमांनुसार पाडा स्वतःला गाव म्हणून घोषित करण्याची मागणी करू शकतो. घरकुलाच्या कामाचे सामाजिक अंकेक्षण योजनेतच सांगितले आहे. ही हत्यारे हातात असताना आपण साहेबांच्या दारात उभे राहायचे कशाला?

म्हणून यापुढे कोणी "फुकट मिळतंय" म्हणाला तर गप्प बसू नका. त्याला झरी सांगा, तलवाडा सांगा, १९८५ चे पहिले लाभार्थी कोण होते ते सांगा. घरकुल ही वेठबिगारीची थकलेली बाकी आहे, आणि तीसुद्धा पुरती चुकती झालेली नाही. विटांचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. जमिनीचे देणे अजून बाकी आहे, आणि हिशेब तपासण्याचा अधिकारही.

थकबाकी मागायला हात पसरावा लागत नाही. वही उघडावी लागते. आपल्या गावची वही आपण उघडूया.

जय भीम! जोहार!